जीर्ण वस्त्र : टाकावे की सांधावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक ज्याने ऐकला नाही असा गृहस्थ आपल्या देशात विरळाच. देहत्यागाची तुलना भगवंतांनी त्यात वस्त्रत्यागाशी केली आहे. घरातील कोणी वडीलधारे निवर्तले म्हणजे याच श्लोकाच्या आधाराने कुटुंबीय आपला शोक आवरतात. परंतु अलीकडे या श्लोकाचा आणखी एक उपयोग कानी येऊ लागला आहे. कपाट भरलेले असताना नवे कपडे घेऊन घरी येणारा आणि धडके जुने कपडे बाहेर काढणारा मनुष्य हसत म्हणतो, "जुने टाकावे, नवे घ्यावे, हे तर गीतेतच सांगितले आहे." बोलणारा विनोदाने बोलतो, तथापि त्या विनोदात एक प्रश्न दडलेला आहे. वस्त्राची शिवण उसवली, कोपरा फाटला, रंग विटला, अथवा केवळ आपले मन विटले, म्हणजे ते टाकून देण्याची मुभा धर्माने गृहस्थाला दिली आहे काय? आणि तेच वस्त्र जो कोणी उसवून, बेतून, पुन्हा शिवून उपयोगात आणतो व त्यात आनंद मानतो, त्याचा तो आनंद आसक्ती समजावा की साधना?

प्रथम श्लोकाविषयी. दृष्टांत हा नेहमी एकदेशी असतो, असे शास्त्रकार सांगतात. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणजे मुखावर डाग आहे किंवा ते पंधरवड्यात क्षीण होते, असे कोणी समजत नाही. आल्हाद देणे एवढाच त्या उपमेचा विवक्षित अंश असतो. त्याचप्रमाणे या श्लोकात अर्जुनाच्या शोकाचे निवारण करणे हा भगवंतांचा हेतू आहे. वस्त्रे केव्हा टाकावीत याविषयी तेथे विधी सांगितलेला नाही. लोकव्यवहारात जी गोष्ट कोणालाही दुःख देत नाही ती दाखवून, ज्या गोष्टीने सर्वांना दुःख होते तिचे स्वरूप समजावून दिले आहे, इतकेच.

शिवाय श्लोकातील शब्द 'जीर्ण' हा आहे, 'जुने' हा नव्हे. 'जॄ' या धातूपासून हा शब्द होतो. संस्कृतात अंगी मुरलेल्या, पचलेल्या अन्नालाही जीर्णच म्हणतात, आणि जे पचले नाही त्यास अजीर्ण. ज्या वस्त्राचा सर्व उपयोग घेऊन झाला, ज्याचे सत्त्व उपभोगाने पूर्णपणे पचले, ते वस्त्र जीर्ण होय. एकदोन वर्षे वापरून बाजूला सारलेले वस्त्र जीर्ण झालेले नसते. पानात वाढून घेऊन टाकून दिलेल्या अन्नाशीच त्याचे साम्य अधिक. उपमा उलट बाजूने लावून पाहिली तरी हेच दिसते. शरीर जीर्ण होईपर्यंत त्याची शुश्रूषा करणे हा धर्मच मानला आहे. ज्वर आला तर औषध घेतात, जखम झाली तर वैद्य टाका घालतो, हाड मोडले तर ते बसवतात. अंगाला ओरखडा उठला म्हणून देह टाकावा असे कोणी म्हणत नाही. मग देहासाठी ज्या वस्त्राचा दृष्टांत दिला, त्या वस्त्राला मात्र पहिल्याच ओरखड्याला टाकण्याचा अधिकार कोठून आला?

वस्त्राचे खरे जीर्ण होणे कसे असते याचे एक सुंदर उदाहरण बौद्धांच्या विनयपिटकातील चुल्लवग्गात आले आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भगवान बुद्धांचे शिष्य आनंद यांना पाचशे वस्त्रे अर्पण केली. राजाला शंका आली, की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने आनंदांना विचारले. ज्या भिक्षूंची चीवरे झिजली आहेत त्यांना ही वस्त्रे वाटून देऊ, असे उत्तर मिळाले. मग त्या झिजलेल्या चीवरांचे काय करणार? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे काय? त्यांचे गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची बैठक, बैठकीचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झाडण्याचे फडके. आणि त्या फडक्याचेही जेव्हा चिथडे होतील, तेव्हा ते कुटून मातीत कालवू आणि त्या गिलाव्याने भुई सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला होता त्या संन्याशाने चिथडा मात्र टाकला नाही. वस्तूवरील ममत्व सोडणे निराळे आणि वस्तूची हेळसांड करणे निराळे.

जे भिक्षूंच्या विहारात चालत असे तेच भारतातील गृहिणींनी शतकानुशतके आपल्या माजघरात केले. महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, उत्तर कर्नाटकात कौदी, कच्छ व राजस्थानच्या वाळवंटी भागात रल्ली, अशी नावे निराळी. कृती मात्र एकच. झिजून मऊ झालेली लुगडी आणि धोतरे धुऊन, वाळवून, एकावर एक पसरावयाची, फाटका भाग आत आणि धडका भाग वर येईल असे ते थर जुळवावयाचे, आणि मग कडेपासून धावदोरा घालीत सगळे एकजीव करावयाचे. जुन्या कांथांना लागणारा रंगीत दोरादेखील पुष्कळदा जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढीत. थराथरात हवा कोंडली जाते म्हणून गोधडी ऊब देते. टाके जवळजवळ असतात म्हणून झिजलेले कापडही पुन्हा टिकाऊ होते. एका टाक्यावर येणारा ताण शेजारच्या दहा टाक्यांत वाटला जातो. 'कन्था' हा शब्द संस्कृतातही ठिगळे जोडून केलेल्या वस्त्राला, विशेषतः विरक्तांच्या वस्त्राला लावला जातो. जोग्याच्या खांद्यावर आणि बाळाच्या पाळण्यात एकच वस्त्र असावे, यात मोठा अर्थ आहे. बिहारमध्ये नवजात बालकाला गुंडाळण्यासाठी जुन्या कापडाची सुजनी शिवीत, आणि त्या जोडकामाशी चितिरिया मा, म्हणजे चिथड्यांची देवी, हिचा संबंध मानीत. महाराष्ट्रातही तान्ह्या मुलासाठी दुपटी आणि झबली आजीच्या मऊ लुगड्याची करण्याची चाल आहे. नवे कापड बाळाच्या अंगाला बोचते हे त्याचे व्यवहारातील कारण. घरातील वडीलधाऱ्यांच्या आयुष्याची ऊब नव्या जिवाला मिळावी हे त्यामागचे मन.

आता आनंदाविषयी. अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचेही तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी कडू आणि परिणामी अमृतासमान ते सात्त्विक. इंद्रियांचा विषयांशी संयोग होताच जे गोड लागते पण शेवटी विषासारखे होते ते राजस. आणि निद्रा, आळस व प्रमाद यांतून जे उपजते, जे आरंभी व शेवटी दोन्ही वेळा मोहच पाडते, ते तामस. हा मापदंड वस्त्राला लावून पाहावा. दुकानात टांगलेला नवा सदरा पाहताच मन उचंबळते, तो हाती येताच सुख होते; आठ दिवसांनी ते सुख ओसरते आणि मन दुसऱ्या सदऱ्याकडे वळते. पहिल्याने तृप्ती दिली नाही म्हणून दुसरा, दुसऱ्याने दिली नाही म्हणून तिसरा. हे राजस सुख. फाटलेले तसेच अंगावर वागवावे, मळलेले धुऊ नये, तुटलेली गुंडी महिनोन् महिने लावू नये, आणि त्यालाच साधेपणा म्हणावे, हे तामस. तसेच कधीच न लागणारी बोचकी माळ्यावर कसरीसाठी साठवून ठेवणे हेही तामसच.

याच्या उलट, जो स्वतः वस्त्र शिवावयास बसतो त्याच्या वाट्याला आरंभी काय येते? सुईत दोरा ओवला जात नाही, बोटाला सुई टोचते, बेतताना कापड तिरपे कापले जाते, बाही उलटी बसते आणि तासभराची शिवण उसवावी लागते. मान अवघडते. जे विकत घेतले असते तर घटकेत मिळाले असते त्याला चार दिवस लागतात. हा आरंभीचा कडूपणा आहे. परंतु हळूहळू हात वळतो, टाके सारखे पडू लागतात, मन इकडेतिकडे धावणे सोडून सुईच्या टोकाशी येऊन थांबते. शेवटी बापाच्या जुन्या धोतराचा मुलासाठी सदरा तयार होतो, तेव्हा जे समाधान होते ते कोणी प्रशंसा केल्यावर अवलंबून नसते. ते वस्त्र अंगावर असेपर्यंत, आणि त्यानंतरही, ते टिकते. गीतेने सांगितलेल्या सात्त्विक सुखाचे मूळ आत्मबुद्धीच्या प्रसन्नतेत आहे. एका टाक्यापाशी स्थिर झालेले मन ती प्रसन्नता पूर्णपणे पावले असे म्हणता यावयाचे नाही. परंतु तिच्या दारापर्यंत ते आले आहे, एवढे निःसंशय म्हणता येईल.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील एकेचाळिसाव्या अध्यायात हाच भेद दोन व्यक्तींच्या रूपाने दाखविला आहे. राम आणि कृष्ण मथुरेत प्रवेश करतात. प्रथम त्यांना भेटतो राजाचा रजक. त्याच्याजवळ उत्तम वस्त्रे होती. पण ती राजाची आहेत या गर्वाने तो भगवंतांना कठोर बोलला, आणि नाश पावला. त्यानंतर भेटला एक वायक, म्हणजे वस्त्रे विणणारा व सजविणारा कारागीर. त्याने रंगीबेरंगी वस्त्रांनी दोघा भावांचा वेष त्यांना शोभेल असा सिद्ध केला. तो 'प्रीत' होऊन हे करीत होता, असे व्यासांनी मुद्दाम म्हटले आहे. त्याने मागितले काहीच नाही. भगवंतांनी त्याला सारूप्य मुक्ती दिली, आणि इहलोकी बल, ऐश्वर्य व स्मृतीही दिली. रजकाजवळ वस्त्रांचा साठा होता, पण आनंद नव्हता. वायकाजवळ कसब होते, आणि त्या कसबात प्रेम होते. वस्त्राचा संग्रह मनुष्याला गर्विष्ठ करतो आणि वस्त्राची सेवा त्याला नम्र करते, हा या कथेचा बोध गृहस्थाने ध्यानात ठेवावा.

येथे काही शंका उपस्थित होतात. पहिली शंका शास्त्राची. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, ऐपत असताना स्नातकाने जीर्ण व मळकी वस्त्रे नेसू नयेत, असे सांगितले आहे. मग ठिगळ लावलेले वस्त्र वापरणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय? याचे उत्तर त्याच वचनात आहे. जीर्णता आणि मळ यांचा तेथे एकत्र निषेध केला आहे. कृपणपणा व आळस यांना आळा घालावा हा त्याचा हेतू दिसतो. जे धुतले, सांधले, नीट केले, ते ना मळके राहिले ना जीर्ण. याच स्मृतीचा पाचवा अध्याय वस्त्रांच्या शुद्धीचे उपाय सांगतो: ढीग मोठा असेल तर प्रोक्षण, थोडी असतील तर प्रक्षालन. टाकून देणे हा शुद्धीचा मार्ग म्हणून तेथे सांगितलेला नाही. देवकार्यात अहत, म्हणजे कोरे वस्त्र असावे हा नियम ज्यांच्या घरी पाळला जातो त्यांनी तो अवश्य पाळावा. त्या नियमाची मर्यादा त्या कर्मापुरती आहे. रोजच्या व्यवहारातील उधळपट्टीला त्याचा आधार घेता येत नाही.

दुसरी शंका साधकाची. इतका वेळ वस्त्रात घालविण्यापेक्षा नामस्मरणात का घालवू नये? वस्त्राचा विचार म्हणजे देहाचाच विचार नव्हे काय? परंतु हात गुंतलेले असताना वाणी मोकळी असते, हे विसरता कामा नये. ज्ञानेश्वरांच्या काळातील नामदेव महाराज हे शिंपी कुळातले. गज, कात्री, सुई आणि दोरा हीच त्यांच्या पदांत साधनेची प्रतीके झाली आहेत, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आदराने संगृहीत आहेत. काशीचे कबीर विणकर होते. मागाने त्यांच्या भजनात विघ्न आणले नाही. विसाव्या शतकात पाहिले तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे आचार्य विनोबा भावे सूतकताईला उपासनाच मानीत. चरख्याची आणि सुईची गती नामाच्या गतीशी सहज जुळते. बाजारात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडण्यात जो वेळ जातो त्यात मात्र नाम टिकणे अवघड.

तिसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. स्वतः शिवलेल्या वस्त्राचा अभिमान वाटतो, त्याचे काय? हा धोका खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. 'हे माझ्या हातचे' असे चारचौघांत सांगण्यासाठीच जो शिवतो, ठिगळ दिसावे म्हणूनच जो ठिगळ लावतो, त्याने एक गर्व टाकून दुसरा अंगावर घेतला. योग म्हणजे कर्मातील कौशल्य, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, आणि कारागिरीच्या प्रशंसेसाठी ते वचन वारंवार उद्धृत केले जाते. पूर्वापर संदर्भ पाहता तेथील कौशल्य हे हाताचे नसून बुद्धीचे आहे. कर्म करूनही त्याच्या बंधनात न सापडण्याची ती युक्ती आहे. तथापि शिवणकाम त्या युक्तीची बाराखडी शिकवू शकते. कारण कापड कोणी पिकविले, सूत कोणी कातले, सुई कोणी घडविली, शिकविले कोणी, असा विचार करीत गेले म्हणजे 'माझे' म्हणावयास शेवटी फारच थोडे उरते. आणि ते थोडके वस्त्रही झिजणारच आहे, हे शिवणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

चौथी शंका, घरोघरी लोक शिवू लागले तर शिंप्याची व विणकराची उपजीविका कशी चालावी? वस्तुतः ज्याने एकदा काज करून पाहिले तोच शिंप्याच्या श्रमाचे मोल जाणतो आणि पैसे देताना घासाघीस करीत नाही. जे आपल्याला साधत नाही ते शिंप्याकडे न्यावे, रफू रफूगाराकडून करून घ्यावे, नवे घ्यावयाचे तेव्हा हातमागाचे घ्यावे. कमी घेणारा पण चांगले घेणारा गिऱ्हाईक कारागिराचा शत्रू होत नाही. त्याची उपजीविका हिरावली ती अल्पमोली ढिगाऱ्याने.

या ढिगाऱ्याचा विचार केल्यावाचून हा प्रश्न पुरा होत नाही. दिनांक २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तिच्यातील शिलाई कारखान्यांत काम करणारे १,१०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. भिंतींना तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते, तरीही कामगारांना कामावर बोलाविण्यात आले होते. ते परदेशांतील दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवीत होते. दुसऱ्या टोकाला, जगभरातून टाकलेल्या कपड्यांच्या गाठी हरियाणातील पानिपतला येतात. तेथे त्या फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत व घोंगड्या होतात. ही त्यातल्या त्यात चांगली गती. खनिज तेलापासून केलेल्या धाग्याचे जे कपडे कचऱ्यात जातात, ते दीर्घकाळ कुजतही नाहीत. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्र सांगताना भगवंतांनी, देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटले आहे. शेतकऱ्याने, विणकराने, शिवणाऱ्याने आणि पृथ्वीने जे दिले ते पुरते न वापरता टाकणे, आणि पुन्हा मागणे, ही त्याच चक्रात पाडलेली तूट आहे. फाटलेल्या बाहीला घातलेला टाका त्या तुटीला घातलेला टाका असतो.

कोणी म्हणेल, "टाकत नाही, दान करतो." येथे कठोपनिषदाचे स्मरण व्हावे. नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात ज्या गाई दान दिल्या त्या दूध, तृण, प्रजनन या सर्वांच्या पलीकडे गेलेल्या होत्या. ते पाहून त्या बालकाच्या हृदयात श्रद्धा जागी झाली आणि त्याने पित्याला तो प्रश्न विचारला. जे आपल्याला नको झाले ते दुसऱ्याच्या पदरात टाकून पुण्य मानणे, ही चूक उपनिषदाच्या काळाइतकी जुनी आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. ज्यांचे घर वाहून गेले होते त्यांनीही त्यांतील पुष्कळसे घेतले नाहीत. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेल्या 'गूंज' या संस्थेने त्या ढिगांतील कपडे निवडून उपयोगी लावण्याचे काम केले. गावकरी विहीर, रस्ता, तळे यांचे काम श्रमाने करतात आणि त्याच्या बदल्यात सन्मानाने वस्त्रे घेतात, अशी त्या संस्थेची रीत आहे. सात्त्विक दान देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. त्यास एवढे जोडावयास हरकत नाही, की वस्त्र द्यावयाचे तर ते धुऊन, उसवलेले शिवून, गुंड्या लावून, आपल्या घरच्या माणसाला देतो तसे द्यावे. त्या दृष्टीने आपली जुनी बोहारीण अधिक प्रामाणिक होती. जुन्या लुगड्याच्या बदल्यात ती भांडे देत असे. त्यात उपकाराचा आव नव्हता.

हाताने केलेल्या वस्तूचे दान कसे असते याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात असताना स्वतःच्या हाताने चपला केल्या, आणि ज्या जनरल स्मट्सच्या सरकारने त्यांना तुरुंगात घातले त्यांनाच त्या १९१४ मध्ये भेट दिल्या. स्मट्स यांनी त्या पुष्कळ वर्षे वापरल्या, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आदरपूर्वक परत पाठविल्या. शत्रू आणि मित्र यांच्या ठिकाणी सम राहावे, असे बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगितले आहे. विकत घेतलेल्या चपलांच्या जोडाने ते लक्षण इतके स्पष्ट झाले असते काय?

महाराष्ट्रातील श्रीगाडगे महाराज (१८७६–१९५६) आयुष्यभर चिंध्या जोडून केलेली गोधडीच अंगावर वागवीत. म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. परंतु पंढरपूर, नाशिक इत्यादी ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंसाठी त्यांनी ज्या धर्मशाळा उभारविल्या त्या चिंध्यांच्या नव्हत्या, पक्क्या बांधणीच्या होत्या. स्वतःसाठी ठिगळ आणि दुसऱ्यासाठी पक्के छप्पर, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्याच्या घरात हा क्रम उलटा झाला, त्याच्या साधेपणाला कृपणपणा म्हणतात.

गृहस्थाने याप्रमाणे वागण्यास फार मोठी तयारी लागत नाही. घरात सुईदोऱ्याचा एक डबा असावा, आणि त्यात निरनिराळ्या रंगांचे दोरे, गुंड्या व एक चांगली कात्री असावी. आठवड्यातून एक घटका ठरवून घरातील उसवलेले-फाटलेले सगळ्यांनी मिळून नीट करावे. धावदोरा, टीप आणि काज ही तीन कामे मुलीला आणि मुलालाही सारखीच शिकवावीत. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत पुढे आलेल्या नयी तालीमच्या योजनेत हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला होता तो उगीच नव्हे. नवे वस्त्र घेण्यापूर्वी घरातील कोणते वस्त्र खरोखर जीर्ण झाले आहे ते पाहावे. आणि वर्षातून एखादी तरी गोधडी, पिशवी वा दुपटे असे शिवावे, जे आपल्या घरासाठी नसेल. जेथे आनंद होतो तेथे आसक्ती लपून बसते. दुसऱ्याला देण्याच्या वस्तूत मात्र तिला बसावयास जागा राहत नाही.

सुदामदेव द्वारकेला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नीने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे एका फाटक्या वस्त्राच्या तुकड्यात बांधून दिले, असे भागवतात सांगितले आहे. तो तुकडा त्या घरात कोणी टाकून दिला नव्हता, म्हणूनच तो त्या दिवशी हाताशी होता. द्वारकेच्या वैभवात सुदाम्याला त्या पुरचुंडीची लाज वाटली आणि त्याने ती लपविली. परंतु भगवंतांनी ती स्वतः ओढून घेतली. सातव्या अध्यायात भगवंत स्वतःला सर्व विश्व ज्यात ओवले आहे त्या सूत्राच्या ठिकाणी कल्पितात. मणी दिसतात, सूत्र दिसत नाही. तरी धरून ठेवणारे तेच. ज्या गृहस्थाने फाटलेले जोडताना त्या न दिसणाऱ्या सूत्राचे स्मरण ठेवले, त्याची सुई, त्याचे ठिगळ आणि त्याचा आनंद ही तिन्ही भगवंतांना अर्पण झाली असे समजावे. मग वस्त्र आपल्या वेळी जीर्ण होईल, आणि देहही होईल. पुरते वापरून झालेली वस्तू शांतपणे खाली ठेवता येते.